विवरणपत्रांचे राजकारण

कराच्या दरांविषयी आपल्याकडे वाद झडतात, मोर्चे निघतात, अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांची पानेच्या पाने भरतात. कराच्या विवरणपत्रांविषयी मात्र कोणी बोलत नाही. तो कारकुनी मामला आहे, तो हिशेबनिसांनी आणि करसल्लागारांनी पाहावा, अशी समजूत सर्वच पक्षांत आहे आणि आपल्या कार्यकर्त्यांतही ती रुजलेली आहे. ही समजूत भोळी आहे आणि ती कष्टकऱ्यांना महागात पडत आहे. कर किती हे कायदा ठरवतो. परंतु तो कर भरल्याचे सिद्ध करण्याचे श्रम कोणी करायचे, कोणाचा शब्द खरा मानायचा आणि मधल्यामध्ये कोणी पैसे बुडविले तर ती बुडीत कोणाच्या माथी मारायची, हे सारे विवरणपत्राचे रकाने ठरवतात. २०१७ पासून लहान उत्पादक, दुकानदार आणि छोटे कंत्राटदार यांच्या विवरणपत्रांत जे बदल झाले, त्यांतील बहुतेकांना सरकारने ‘सुलभीकरण’ हे गोंडस नाव दिले. या सुलभीकरणात बलवानाची जोखीम दुर्बलाच्या खात्यावर कशी मांडली गेली, ते तपासून पाहण्याची वेळ आता आली आहे.

तात्पुरत्याचे कायम

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. त्याच्या मूळ योजनेत दर महिन्याला तीन विवरणपत्रे होती. विक्रीचे पहिले १० तारखेपर्यंत, खरेदीचे दुसरे १५ तारखेपर्यंत आणि दोहोंचा मेळ घालून कर भरण्याचे तिसरे २० तारखेपर्यंत. वर्षाअखेरीचे एक धरले म्हणजे वर्षाला ३७ विवरणपत्रे झाली. ज्याच्या दुकानात मालक, हिशेबनीस आणि हमाल हा एकच माणूस असतो, त्याने ती भरायची होती.

ही योजना काही महिन्यांतच कोसळली. पहिल्या दोन महिन्यांपुरती तात्पुरती सोय म्हणून जीएसटीआर-३बी नावाचे गोषवारावजा विवरणपत्र काढण्यात आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये गुवाहाटीच्या बैठकीत जीएसटी परिषदेने दुसरे व तिसरे विवरणपत्र स्थगित केले आणि तात्पुरते होते तेच कायम झाले. जुलै २०१८ मध्ये नवी योजना मंजूर झाली. तिच्यातील विवरणपत्रांना ‘सहज’ आणि ‘सुगम’ अशी नावे होती. तिची तारीख एकदा पुढे गेली, मग पुन्हा पुढे गेली, आणि अखेर ‘सहज’ व ‘सुगम’ जन्माला न येताच निजधामास गेली. दरम्यान भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१९ च्या अहवालात नमूद केले की, दोन वर्षे उलटूनही बीजकांचा मेळ घालून सेट-ऑफची खातरजमा करणारी यंत्रणा उभी राहिलेली नाही. ज्या यंत्रणेच्या भरवशावर हा कर देशाला विकला गेला, ती यंत्रणाच अस्तित्वात नव्हती.

सरकारचे संगणक वेळेवर तयार झाले नाहीत, याबद्दल कोणाला दंड झाला नाही. दुकानदाराचे विवरणपत्र उशिरा गेले, तर मात्र दिवसाला ५० रुपये आणि महिन्यात एक पैशाचाही व्यवहार नसला तरी दिवसाला २० रुपये विलंबशुल्क बसत राहिले. हे शुल्क मूळ कायद्यात याहूनही जास्त होते. ते आधी कमी झाले आणि जून २०२१ पासून त्याला लहानांसाठी खालची मर्यादा घातली गेली, ती ओरड झाल्यानंतर. तोवर गावोगावच्या हजारो लहान माणसांना आपण काय चुकलो हे न समजताच पैसे भरावे लागले होते.

चूक विक्रेत्याची, शिक्षा खरेदीदाराला

मेळ घालण्याचे हे अपुरे राहिलेले काम पुढे कोणाकडून करवून घेण्यात आले, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

भोसरीतला एखादा लेथ कारखानदार डोळ्यांसमोर आणावा. समजा, त्याने १,००,००० रुपयांचे पोलाद घेतले आणि विक्रेत्याला १८,००० रुपये कर दिला. सुटे भाग करून त्याने ते एका मोठ्या कंपनीला १,५०,००० रुपयांना विकले आणि बिलात २७,००० रुपये कर लावला. २७,००० मधून खरेदीवर भरलेले १८,००० वजा करून त्याने ९,००० रुपये सरकारात भरायचे, असे या कराचे तत्त्व. आता पोलादाच्या विक्रेत्याने आपले विक्रीचे विवरणपत्र भरलेच नाही असे समजा. कारखानदाराकडे बिल आहे, माल आहे, बँकेतून पैसे दिल्याची नोंद आहे. परंतु सरकारी संगणकाने त्याच्यासाठी तयार केलेल्या तक्त्यात ते बिल उमटत नाही. मग त्याला सेट-ऑफ नाही. त्याने २७,००० च्या २७,००० भरायचे. म्हणजे १८,००० रुपये त्याने एकदा विक्रेत्याला दिले आणि दुसऱ्यांदा सरकारला दिले. विक्रेत्याने पुढे कधी उपरती होऊन विवरणपत्र भरले तर सेट-ऑफ मिळेल, पण त्यालाही पुढील आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरची वेस आहे.

ही स्थिती एका रात्रीत आली नाही. तक्त्यात न दिसणाऱ्या बिलांचा सेट-ऑफ ऑक्टोबर २०१९ मध्ये दिसणाऱ्या रकमेच्या २० टक्क्यांपुरता मर्यादित झाला. जानेवारी २०२० पासून तो १० टक्के झाला, जानेवारी २०२१ पासून ५ टक्के, आणि १ जानेवारी २०२२ पासून शून्य. विवरणपत्राच्या नमुन्यात रकाने भरण्याचे काम जसजसे ‘आपोआप’ होत गेले, तसतसा लहान माणसाच्या हातातला पुरावा निरुपयोगी होत गेला.

कोणत्या विक्रेत्याने विवरणपत्र भरले नाही, हे सरकारला कळते. त्याची नोंदणी सरकारने दिलेली आहे, त्याचा पत्ता आणि बँकेचे खाते सरकारजवळ आहे, जप्तीचे अधिकार सरकारजवळ आहेत. खरेदीदाराजवळ यांपैकी काहीही नाही. तरीही वसुलीचे काम त्याच्यावर सोपविण्यात आले आहे, आणि तेही विनावेतन. खोट्या बिलांचे कारखाने चालतात, हे आम्हांस ठाऊक आहे. गरिबांची कागदपत्रे वापरून त्यांच्या नावावर बनावट पेढ्या उघडल्या जातात, हेही उघड झालेले आहे. परंतु असल्या पेढ्यांना नोंदणी देणारा अधिकारी आणि ती बिले वापरून कोट्यवधी उचलणारा बडा लाभार्थी यांना सोडून, पोलादाचा खरा माल घेणाऱ्या कारखानदाराच्या मानेवर जू ठेवणे हा चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार आहे.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. राज्याच्या मूल्यवर्धित कर कायद्यातही, सरकारी तिजोरीत कर प्रत्यक्ष जमा झाला तरच सेट-ऑफ, असे कलम होते. कोल्हापूरच्या महालक्ष्मी कॉटन जिनिंगच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ साली ते वैध ठरविले. उलट, दिल्लीच्या तशाच कायद्याविषयी तेथील उच्च न्यायालयाने २०१७ साली निर्वाळा दिला की, प्रामाणिक खरेदीदाराला लबाड विक्रेत्याच्या पंक्तीस बसविणे संविधानाच्या समतेच्या तत्त्वाला धरून नाही. दोन मार्ग समोर होते. केंद्राने नव्या कायद्यासाठी त्यांतला लहान माणसाला चिरडणारा मार्ग निवडला. ही निवड राजकीय होती, तांत्रिक नव्हती.

सवलत दिली आणि काढून घेतली

जानेवारी २०२१ पासून ५ कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना विवरणपत्र तिमाही करण्याची मुभा मिळाली. या सवलतीचा मोठा गाजावाजा झाला. विवरणपत्र तिमाही झाले खरे, पण कर मासिकच राहिला. पहिल्या दोन महिन्यांचे चलन वेगळे भरायचे. शिवाय मोठ्या कंपनीला आपला सेट-ऑफ दर महिन्याला हवा असतो. तिच्या तक्त्यात बिल उमटले नाही तर ती लहान पुरवठादाराच्या बिलातली कराची रक्कम अडकवून ठेवते. म्हणून तिमाही विवरणपत्र भरणाऱ्यालाही पहिल्या दोन महिन्यांची बिले मधूनच चढविण्याची ‘ऐच्छिक’ सोय करण्यात आली. बाजारात बलवान खरेदीदार समोर उभा असताना ऐच्छिक या शब्दाला काय अर्थ उरतो, हे कोणत्याही कामगाराला विचारावे. ऐच्छिक ओव्हरटाइमचा अनुभव त्याला आहेच.

तीच गत आपसमेळ योजनेची, म्हणजे जिला व्यवहारात कॉम्पोझिशन म्हणतात तिची. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याने वा उत्पादकाने उलाढालीवर १ टक्का भरावा, तिमाहीला एक पत्रक आणि वर्षाला एक विवरणपत्र द्यावे. ऐकायला हे सुटसुटीत आहे. परंतु असा माणूस बिलात कर लावू शकत नाही, म्हणून त्याच्याकडून माल घेणाऱ्याला सेट-ऑफ मिळत नाही. तो परराज्यात माल विकू शकत नाही. ज्याचे गिऱ्हाईक गल्लीतले आहे त्याला ही योजना पुरते. ज्याला एखाद्या कारखान्याला माल पुरवायचा आहे त्याच्यासाठी ती बाजाराबाहेर जाण्याचा दरवाजा आहे.

आता अलीकडचे बदल पाहा. विक्रीच्या विवरणपत्रावरून ३बी मध्ये आपोआप उतरणारा कराचा आकडा जुलै २०२५ च्या करकाळापासून हाताने बदलता येत नाही. दुरुस्ती करायची तर ती वेगळ्या नमुन्यात आणि ३बी भरण्यापूर्वीच. तीन वर्षांहून जुने राहिलेले विवरणपत्रही आता भरता येत नाही. मोठ्या कंपनीत या कामाला स्वतंत्र विभाग आहे, तिला या बदलांचा काच नाही. आजारपणात, पुरात किंवा भावाभावांच्या वाटणीत ज्याचे दुकान दोन वर्षे बंद पडले, त्याला मात्र परतीची वाट हळूहळू बुजत चालली आहे.

पैसा येण्यापूर्वी कर

भोसरीच्या त्या कारखानदाराकडे पुन्हा वळू. त्याला विक्रीवरचा कर पुढील महिन्यात भरावा लागतो. कंपनी त्याचे बिल तीन-चार महिन्यांनी चुकते करते. म्हणजे जो पैसा त्याला मिळालेलाच नाही, त्यावरचा कर तो खाजगी सावकाराकडून किंवा बँकेच्या कॅश क्रेडिटमधून काढून भरतो. एकाच वेळी तो कंपनीला उधारी देतो आणि सरकारलाही आगाऊ रक्कम देतो. व्याज त्याच्या गळ्यात, आणि अंतिमतः त्याच्या चार कामगारांच्या पगारात.

यावर उपाय नाही असे नाही. जुन्या सेवाकराखाली एप्रिल २०१२ पासून ५० लाख रुपयांपर्यंतच्या व्यक्तींना आणि भागीदारी पेढ्यांना पैसे हाती आल्यावर कर भरण्याची मुभा होती. नव्या करात ती गडप झाली. ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित करासाठी लहान व्यवसायांना अशी सोय आजही आहे. आपल्याकडे २००६ च्या कायद्याने लहान उद्योगांचे बिल ४५ दिवसांत देणे बंधनकारक केले. प्राप्तिकर कायद्यात २०२३ साली तरतूद करून, ती मुदत पाळली नाही तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा मिळणार नाही, असे ठरले. तरतूद योग्य आहे. परंतु तिचा लाभ सूक्ष्म व लघु उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, तोही रीतसर नोंदणी असली तरच. आणि मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करणारा लहान पुरवठादार पुढची ऑर्डर गमावून बसतो, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

सोळा आणि सोळा-ए

हा प्रश्न केवळ दुकानदारांचा आहे, असे मानणाऱ्या आपल्या कामगार कार्यकर्त्यांसाठी पुढचा मुद्दा आहे.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याखाली पगारातून कर कापला की मालकाने नमुना १६ द्यायचा. कंत्राटाच्या किंवा व्यावसायिक शुल्काच्या रकमेतून कापला की नमुना १६-ए. एका अक्षराचा फरक. परंतु १६ देणारा मालक असतो आणि १६-ए देणारा केवळ गिऱ्हाईक. १६ च्या मागे भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा, कामगार विमा उभे असतात. १६-ए च्या मागे काहीही नसते. म्हणून खाजगी रुग्णालयातला तंत्रज्ञ, शिकवणी वर्गातला शिक्षक, घरोघर पार्सल पोचविणारा तरुण, यांना पगारपत्रकावर न घेता ‘कंत्राटदार’ म्हणून दाखविण्याची टूम निघाली. काम तेच, वेळ तीच, वरिष्ठाचा हुकूम तोच. कर कापण्याचे कलम बदलले आणि कामगार एका दिवसात उद्योजक झाला! २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. त्याने कलमांची मांडणी आणि क्रमांक बदलले, ही फसवणूक बदलली नाही. सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. तिने तर मंचांसाठी राबणाऱ्यांना पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेरचे असे नावच देऊन टाकले.

अमेरिकेतही हीच रीत आहे. तेथे नोकराला डब्ल्यू-२ मिळतो, कंत्राटदाराला १०९९. देणीमंचांवरून ६०० डॉलरच्या वर रक्कम मिळाली की १०९९-के द्यायचा, असा कायदा तेथे २०२१ मध्ये झाला. तो वर्षानुवर्षे पुढे ढकलला गेला आणि जुलै २०२५ च्या कायद्याने जुनी २०,००० डॉलर व २०० व्यवहारांची मर्यादा परत आणली. मर्यादेवर तेथे चार वर्षे वाद रंगला. राबणाऱ्याला १०९९ का मिळावा, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला.

आपल्याजवळ या प्रश्नाचे उत्तर आहे. हुसेनभाई खटल्यात १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगून ठेवले आहे की, कामगाराच्या उपजीविकेवर, कौशल्यावर आणि कामाच्या सातत्यावर ज्याचे आर्थिक नियंत्रण तोच खरा मालक. मधला कागदी पडदा दूर सारून पाहिले पाहिजे. कराच्या नमुन्याचा पडदा याला अपवाद नाही.

दोन आक्षेप

आपल्यातील काही मित्र म्हणतील की, लहान व्यापारी कच्च्या बिलावर विकतो, कामगारांना किमान वेतन देत नाही, त्याचे अश्रू आपण का पुसावे? या आक्षेपात तथ्य आहे. जेथे तो वेतन चुकवितो तेथे आपण त्याच्याशी लढलेच पाहिजे. परंतु करव्यवस्थेत तो बळी असेल तर तो बळीच आहे. कर्नाटकात जुलै २०२५ मध्ये यूपीआयची आकडेवारी पाहून छोट्या विक्रेत्यांना लाखोंच्या नोटिसा गेल्या. त्यांत भाजी आणि दूध विकणारेही होते, ज्यांच्या मालावर करच नाही. दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या, विक्रेते रस्त्यावर आले, तेव्हा सरकारला जुनी थकबाकी न मागण्याचे आश्वासन द्यावे लागले. मोबाईलवर जमा झालेला प्रत्येक रुपया मोजणारे हेच राज्य सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीकराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणते आणि त्यापायी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपये सोडून देतो असे स्वतःच जाहीर करते. दक्षता कोणाबाबत आणि औदार्य कोणाबाबत, हे यावरून दिसते.

दुसरा आक्षेप उजवीकडून येतो. कर कमी करा, तपासणी बंद करा, सरकारला बाजूला सारा. हा मार्ग आपला नव्हे. करावाचून सरकारी दवाखाना चालत नाही, शाळा चालत नाही, रेशन मिळत नाही. कर बुडविणे हा समाजाशी द्रोह आहे, हे आपण लहान दुकानदारालाही सांगितले पाहिजे. मात्र ते सांगण्याचा अधिकार त्याच्यावरील अन्यायाबद्दल बोलल्यानंतरच आपल्याला मिळतो. आज त्याच्या बाजूने बोलणारे फक्त बडे व्यापारी महासंघ आहेत, आणि ते त्याच्या रागाच्या आडून स्वतःच्या सवलती मागतात.

मागण्या

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. माल, बिल आणि बँकेतून दिलेले पैसे दाखविणाऱ्या प्रामाणिक खरेदीदाराचा सेट-ऑफ नाकारू नये, वसुली विक्रेत्याकडून करावी. दीड कोटीपर्यंतच्या व्यवसायांना पैसे हाती आल्यावर कर भरण्याची मुभा द्यावी. नमुन्यातील कोणताही बदल आर्थिक वर्षाच्या आरंभीच आणि पुरेशी पूर्वसूचना देऊनच व्हावा. व्यवहार नसलेल्या विवरणपत्रावर विलंबशुल्क घेऊ नये. प्रत्येक तालुक्याला सरकारी खर्चाने मदतकेंद्र असावे. तेथे माणूस ज्या भाषेत वही लिहितो त्याच भाषेत त्याचे विवरणपत्र भरून मिळावे. आणि एकाच देणाऱ्याकडून बारमाही रक्कम घेणाऱ्याच्या टीडीएसची माहिती कर खात्याने कामगार खात्याला द्यावी, म्हणजे कंत्राटदाराच्या वेषातला कामगार शोधता येईल. आकड्यांचा मेळ घालण्याची हौसच असेल, तर ती या ठिकाणी भागवावी.

या मागण्या कागदावर ठेवून भागणार नाही. इचलकरंजीचे खर्चीवाले यंत्रमागधारक, भिवंडी-मालेगावचे छोटे मागवाले, लेथ आणि वेल्डिंगची दुकाने चालविणारे, मजूर पुरविणारे लहान ठेकेदार यांच्यात बसून एकेकाचे विवरणपत्र समजून घेणारे कार्यकर्ते आपल्याला हवे आहेत. सातबारा वाचता येणाऱ्या कार्यकर्त्यांनी एकेकाळी कुळांच्या जमिनी वाचविल्या. त्यांनी तलाठ्याचे दप्तर उघडायला लावले आणि पीकपाहणीचा रकाना कोणाच्या नावाने भरला आहे, हे कुळाला वाचून दाखविले. आज ते दप्तर संगणकात आहे आणि रकाने अधिक आहेत. ते वाचायला शिकणे हे आपले काम आहे.